अंबाजी आणि घंगाळातलं पाणी

१९३३च्या माघात इंदुरीच्या शाळेतले युनूस मास्तर शेजारच्या अंबाजीला म्हणाले, "तुझ्याएवढ्या वजनाचं पाणी तुझ्या अंगापेक्षा जास्त उष्णता साठवतं. थंडीत आधी तूच गार पडशील."

"मी न्हाई पडायचा. लावा पैज!"

अंबाजी बाजारात धान्य तोलायचा. सकाळी त्यानं स्वतःला ताजव्यात तोलून घेतलं आणि तेवढंच कोमट पाणी मोठ्या घंगाळात भरलं. पाणी आणि अंबाजी, दोघंही अठ्ठ्याण्णव अंश फॅरनहाइटवर होते. मग नुसता पंचा नेसून तो घंगाळाशेजारी अंगणात बसला.

दोन तासांनी मास्तरांनी थर्मामीटर बुडवला. पाणी ऐंशीवर उतरलं होतं. अंबाजी कुडकुडत होता, पण त्याच्या काखेत पारा जवळपास सकाळइतकाच, अठ्ठ्याण्णवपर्यंत चढला.

"पुस्तकातलं गणित तर बरोबर आहे!" मास्तर चक्रावले.

अंबाजीची बायको बयाबाई चुलीपाशी हसली. "मास्तर, ह्यांनी मगाशी तीन भाकरी खाल्ल्या. पाण्याला कुणी वाढल्या व्हय?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "खरंच की! पाणी साठवलेलं घालवत बसलं, आणि हा आतून नवी ऊब करत होता. हरलो, वहिनी."

"मंग बसा," बयाबाई म्हणाली आणि तिनं दुसरं ताट मांडलं.