निर्मलाची खिडकी

निर्मला गेल्यावर दिगंबर मास्तरांना बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातलं घर एकदम मोठं वाटायला लागलं. खोल्या दोनच होत्या, त्याही भाड्याच्या. मुलगा पुण्याला. रविवारी त्याचा फोन यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, आणि मग पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही.

मास्तरांचे वडील सिमेंट आणि फरशीच्या कंपन्यांचे एजंट होते. संस्थानं विलीन होत होती आणि गावाबाहेर नवी घरं उठत होती, त्या काळातले त्यांचे कॅटलॉग पत्र्याच्या पेटीत तसेच पडून होते. त्यांत जाळ्यांचे नमुने होते, फरशीवरची फुलं होती, तयार घरांचे नकाशे होते. मुलानं जुना स्कॅनर पाठवून दिला, तसे मास्तर एकेक पान स्कॅन करून इंटरनेटवर टाकायला लागले. कुणी मागितलं नव्हतं. दुपार तेवढी निघून जायची.

एका नकाशावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्या निर्मलाच्या. लग्नानंतर काही वर्षं ती हे पान उघडून बसायची. तुळस मागं नको, पुढं. स्वयंपाकघराची परसाकडची खिडकी तिनं खोडली होती आणि रस्त्याच्या बाजूला नवी काढली होती. घर काही झालं नाही. आधी बहिणींची लग्नं, मग मुलाचं शिक्षण. हळूहळू तिनंही विषय काढायचं सोडलं. मास्तरांनी ते पान खुणांसकट टाकलं.

दूरच्या कुणा संग्राहकानं खाली लिहिलं की खुणांमुळे पान खराब दिसतंय, साफ करून परत टाकता येईल का. मास्तरांनी खोडरबर काढला, पानावर टेकवला आणि तसाच बाजूला ठेवला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात धूलकोटहून अनंत नावाच्या कुणाचा फोन आला. त्याचं तिथं औषधांचं दुकान होतं. मास्तरांनी टाकलेल्या नकाशावरून त्यानं घर बांधलं होतं आणि वास्तुशांतीला यायलाच पाहिजे म्हणत होता. कोणता नकाशा, मास्तरांनी विचारलं.

"तो पेन्सिलवाला, काका. आमच्या मिस्तरीला तोच पसंत पडला."

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बसनं गेले. मांडवात सगळा पाहुण्यांचा गोतावळा होता. त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. पंगतीत शेजारच्यानं सुनेच्या माहेरचे का म्हणून विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि वरण-बट्टी खाल्ली. जेवण झाल्यावर अनंतची बायको वंदना त्यांना घर दाखवायला घेऊन गेली. तुळस पुढं होती. स्वयंपाकघरात खिडकीतून ऊन ओट्यावर आलं होतं, आणि बाहेर रस्ता, हापसा, पाणी भरणाऱ्या बाया.

"सासूबाई म्हणत होत्या, रस्त्याकडं कशाला खिडकी," वंदना म्हणाली. "मी म्हटलं, राहू द्या. पण काका, ही काढली कोणी?"

"माझ्या बायकोनं," मास्तर म्हणाले. "आमच्या स्वयंपाकघरात भिंतच आहे. चाळीस वर्षं तिकडं तोंड करून तिनं पोळ्या केल्या."

त्यांनी हे याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं तर हे असं कधी त्यांच्या मनातच आलं नव्हतं. तेवढ्यात वंदनाला बाहेरून हाक आली, तशी त्यांना स्टूल देऊन ती गेली.

मास्तर बसले नाहीत, खिडकीपाशी उभे राहिले. हापशावरच्या एका बाईला ते घरातलेच कुणी वडीलधारे वाटले. तिनं हंडा खाली ठेवला आणि पूजा झाली का म्हणून विचारलं.

"झाली," मास्तर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "या ना जेवायला. मुलांना पण आणा."

पाणी ठेवून येते, ती म्हणाली. ती परत येईपर्यंत थांबावं असं मास्तरांना फार वाटलं. पण बुऱ्हाणपूरची शेवटची बस लागली होती. अनंतनं राहण्याचा आग्रह केला तरी ते निघाले.