लांबणीवर पडलेला निरोप

वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेली ही काळी, जड वस्तू पाहिलीत का मित्रांनो? तुम्ही तिला ओलांडून आत येता, एखादे दिवशी अंगठा ठेचकाळतो आणि मग तिच्या नावाने बोटे मोडता. ती मी. मी एक जुनी इस्त्री आहे. माझी वायर केव्हाच तुटली, तळाला गंज चढला, दांड्याला चीर गेली. ताठा मात्र गेलेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटे नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले आणि थंड झाल्यावर घासून घासून माझा तळ असा लखलखीत केला की कामगार त्यात तोंड बघून केस विंचरत. पहिली काही वर्षे मी एका मोठ्या लाँड्रीत काढली. तिथे चादरींचे आणि अभ्र्यांचे असे ढीग पडत की मान वर करायला फुरसत नसे. ती लाँड्री बंद पडली तेव्हा तिथे काम करणाऱ्या एका बाईने मला मागून घेतले.

"बाजारात हलक्याफुलक्या इस्त्र्या आल्यात, ही धोंड कशाला नेतेस?" मालकाने विचारले.

"जड आहे म्हणूनच नेते. हिला दाबावं लागत नाही, ही आपली आपणच दाबते," बाई म्हणाली.

एवढे कौतुक माझे आजवर कोणी केले नव्हते. मी आनंदाने तिच्या घरी गेले. घर म्हणजे रस्त्याला लागून एक खोली आणि तिच्या मागे पडदा लावून केलेली दुसरी. पुढच्या खोलीत दोन लाकडी घोड्यांवर एक जुने दार आडवे टाकले होते, त्यावर कांबळ्याची घडी, त्यावर चादर. तेच इस्त्रीचे टेबल, तेच जेवायचे आणि तेच अभ्यासाचे. बाई गल्लीभरच्या कपड्यांना इस्त्री करायची. तिचा नवरा गावाबाहेरच्या डोंगरात बोगदा खणण्याच्या कामावर होता. पडद्यामागे तिच्या सासूबाई असत, गुडघ्यांनी दावा साधल्यामुळे कायम खाटेवर. आणि एक मुलगी होती, पुस्तकात नाक खुपसून बसणारी. बाप तिला मास्तरीण म्हणायचा.

हा बाप मोठा गमत्या माणूस होता. माझी वायर तोच दुरुस्त करायचा आणि दुरुस्त करता करता बायकोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "आपल्या घरात दोन तापट बाया. एकीची निदान वायर तरी काढता येते." पडद्यामागून म्हातारी हसायची. मलाही हसू यायचे, पण तापट तर मी होतेच.

मग एक दिवस बोगद्यात पाणी फुटले. काही माणसे बाहेर धावत आली, काही आली नाहीत. मास्तरणीचा बाप आला नाही. बरेच दिवस पंप चालले. मग पंप थांबले, बोगद्याचे तोंड सिमेंटने बंद केले आणि बाहेर एका दगडावर आत राहिलेल्यांची नावे कोरली. या घराच्या संसाराची घडी तेव्हा विस्कटली, आणि ती घडी बसवणे माझ्या हातचे काम नव्हते.

मित्रांनो, या लोकांच्या धर्मात निरोपाचा एक विधी होता. गेलेल्या माणसाला स्वच्छ धुतलेले कपडे घालायचे, घरातल्या सगळ्यांनी भोवती उभे राहायचे, तीनदा त्याला नावाने हाक मारायची. उत्तर येत नाही. मग घरातल्या एकाने मोठ्याने म्हणायचे, "जा." एवढेच. शरीर मिळाले नसेल तर त्याच्या वापरातला एखादा कपडा ठेवूनही हा विधी करता येई. पण एरवी घरातून निघणारा माणूस कधी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि मागे राहणारा 'ये' म्हणतो. म्हणून तो एक शब्द तोंडातून काढणे सोपे नव्हते. बाईने तो काढायला साफ नकार दिला.

"दगडावर नाव कोरलं म्हणजे माणूस गेला काय?" ती म्हणायची. "मला माणूस दाखवा. मग मी म्हणते जा."

दर आठवड्याला गिऱ्हाइकांचे कपडे आटोपले की ती नवऱ्याचा निळा शर्ट धुऊन आणायची आणि माझ्याकडून तो इस्त्री करून घ्यायची. कोणी न घातलेला शर्ट. अंगाची सुरकुती त्याला पडतच नव्हती, तरी मी तो पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मला ते काम नकोसे झाले होते, मी खरे सांगते.

पडद्यामागची म्हातारी आता हसत नसे. "सूनबाई, माझ्या डोळ्यांदेखत त्याला निरोप दे गं," ती म्हणे. "निरोपाशिवाय तो वाटेतच अडकलाय. त्याच्या आधी मी कशी निघू?"

"आई, आणि ते परत आले तर? अंगात घालायला शर्ट नको?"

म्हातारी भिंतीकडे तोंड फिरवी. ती आई होती, मुलगा परत येणार नाही असे ती कशी म्हणणार?

अशात मास्तरणीची परीक्षा आली. धर्मांचा अभ्यास नावाचा तिचा एक विषय होता आणि त्यात ती आधी एकदा नापास झाली होती. त्यात धार्मिक विधींवर एक मोठा निबंध लिहावा लागे. शिक्षिकेने तिला सांगितले होते, "तू सगळं पुस्तकातलं लिहितेस. तुझं स्वतःचं एक उदाहरण नाही. वाचणाऱ्याला कसं कळणार की तुला समजलंय?" या वेळी निबंधाचा विषय जवळजवळ ठरलेला होता. मृत्यूनंतरचे विधी गेलेल्यांसाठी असतात की मागे राहिलेल्यांसाठी?

टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मास्तरीण. तिला गोष्टी लक्षात राहत नसत, म्हणून तिने एक युक्ती काढली. शर्टाला इस्त्री करायचा क्रम ठरलेला असतो. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ आणि शेवटी पुढचा भाग. तिने निबंध शर्टावर बसवला. कॉलर म्हणजे प्रस्तावना. दोन बाह्या म्हणजे वादाच्या दोन बाजू. पाठ म्हणजे उदाहरणे. पुढचा भाग म्हणजे स्वतःचे मत. आई मला फिरवी आणि मुलगी तोंडाने निबंध म्हणे.

"बाही झाली माझी, तुझी बाजू अजून संपली नाही," आई म्हणे. "आटप लवकर, कापड जळेल."

मला अभिमान वाटे. शाळेचे तोंड न पाहता मी निबंध शिकत होते. तिकडे म्हातारीही जागी असे. मास्तरीण पडद्यातून डोके आत घालून विचारी, "आजी, तुमच्या वेळी निरोप कसा द्यायचे गं?" आणि म्हातारी सांगत बसे. हाक कोण मारायचे, लहान मुलांना कुठे उभे करायचे, 'जा' म्हणताना तिच्या सासऱ्यांचा आवाज कसा फुटला होता. मुलीला हवे असलेले उदाहरण घरातच मिळाले.

पण मित्रांनो, उदाहरण एकदा हातात आले की ते हवे तिथे थांबत नाही. एका संध्याकाळी टेबलावर निळा शर्ट होता. मास्तरीण नेहमीप्रमाणे म्हणत होती. कॉलर झाली, बाह्या झाल्या. पाठीवर आली तेव्हा ती म्हणाली, "निरोपाचा विधी झाला नाही तर गेलेला माणूस ना धड इथे राहतो, ना धड तिथे पोचतो, आणि मागे राहिलेलेही त्याच्यासारखेच होतात. उदाहरणार्थ, एका घरात एक शर्ट दर आठवड्याला धुतला जातो..."

तिने जीभ चावली. बाईने मला उचलून उभे केले.

"हे तू परीक्षेत लिहिणार?"

"नाही गं आई. म्हणजे... नाव नाही घालणार."

"खरं आहे ते," बाई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "खरं आहे, तर लिही." मग पदराने तोंड पुसून ती पडद्याकडे वळली. "आई, ऐकताय ना? करू आपण. मी म्हणेन जा."

पडद्यामागून रडण्याचा आवाज आला. मलाही वाटले, सुटलो एकदाचे. पण बाईचे वाक्य संपले नव्हते.

"फक्त हिची परीक्षा होऊ दे. आत्ता घरात रडारड झाली तर हिच्या डोक्यात काय राहणार? एकदा नापास झालीय पोर. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी करू."

मास्तरीण लगेच म्हणाली, "हो आजी, तेच बरं." तिला मार्क हवे होते. त्यात तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

"तोवर मी आहे की नाही ते परीक्षेलाच विचारा," म्हातारी म्हणाली. मग थोड्या वेळाने नरमाईने म्हणाली, "करा बाई अभ्यास. मी थांबते."

बघा मित्रांनो, विधींवर चांगला निबंध लिहिता यावा म्हणून या घराने विधी पुढे ढकलला. तेव्हा ते कोणाच्याच ध्यानात आले नाही, माझ्याही नाही. एकेक पेपर होत गेला. मास्तरीण घरी आली की पडद्यामागून प्रश्न येई, "संपली का गं परीक्षा?" आणि उत्तर जाई, "नाही आजी, अजून आहे." धर्माचा पेपर सगळ्यांत शेवटी होता.

त्या दिवशी सकाळी बाई म्हातारीला चहा द्यायला पडद्यामागे गेली. बाहेर आली तेव्हा कप तसाच भरलेला होता. तिने तो टेबलावर ठेवला, मला तापत ठेवले आणि मुलीचा शाळेचा शर्ट पुढ्यात ओढला. रोज ती ओले बोट लावून माझा ताप बघायची. त्या दिवशी बघितला नाही. कॉलर, बाह्या, पाठ, पुढचा भाग. हात नेहमीसारखाच चालला होता.

मास्तरीण आंघोळ करून आली. "आजी उठली?"

"झोपलीय. उठवू नकोस."

"मग येते म्हणून सांग तिला." तरी दारातून तिने हाक मारलीच, "आजी, येते गं!"

पडद्यामागून काही उत्तर आले नाही. बाईच म्हणाली, "ये."

मुलगी कोपऱ्यावरून वळल्यावर बाईने रस्त्यापलीकडे हाक मारली. मग समोरचा न्हावी आला, गल्लीतल्या बायका आल्या, धर्मगुरू आले. धर्मगुरू म्हणाले, उन्हे चढायच्या आत आटोपलेले बरे. बाई पडद्यापुढे उभी राहिली. "पोर आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती झाली नाही.

दुपारी मास्तरीण पळतच आली. "आई! तोच प्रश्न आला! पाठीचं सगळं लिहिलं, आजीने सांगितलेलं सगळं..." आणि तिला दारातल्या चपला दिसल्या. एवढ्या चपला दारात केव्हा असतात ते तिला बोगद्याच्या अपघातापासून माहीत होते. तिने पडद्याकडे पाहिले. पडदा काढून ठेवला होता.

"सकाळी तुला माहीत होतं?"

"हो."

"मी तिथे बसून मरणावर लिहीत होते, आई. आणि तू मला..."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?" बाई म्हणाली.

मुलीने दप्तर खाली ठेवले. बाईने पेटीतून निळा शर्ट काढला. तो घडी करून ती म्हातारीच्या हातांखाली ठेवू लागली तेव्हा धर्मगुरू म्हणाले, "अहो, दोघांचा निरोप एकदम देत नाहीत. असं कुठे सांगितलेलं नाही."

"देत नाहीत म्हणजे?" न्हावी म्हणाला. "दिला तर काय पोलीस येणार आहेत?"

धर्मगुरूंनी बाईच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते बाजूला झाले. त्यांनी मास्तरणीला विचारले, हाक तू मारतेस का? तासाभरापूर्वी तिने यावर पाने भरून लिहिले होते. आता तिच्या तोंडातून शब्द फुटेना. हाका बाईने मारल्या, आधी सासूला, मग नवऱ्याला. कोणीही ओ दिली नाही. मग तिने दोनदा तो शब्द म्हटला. दुसऱ्यांदा तिचा आवाज असा फुटला की बाहेर रस्त्यावरचा माणूस थांबला.

सगळे गेल्यावर दोघी टेबलाशी बसल्या. मास्तरीण एवढेच म्हणाली, "आई, आजीला हे ऐकायचं होतं गं."

बाईने टेबलावरचा सकाळचा भरलेला कप उचलला आणि आत नेऊन ठेवला.

मास्तरणीला निबंधात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. शिक्षिकेने घरी येऊन सांगितले, उदाहरण फार जिवंत होते. चहा झाला, ती निघून गेली, आणि गुणपत्रिका कित्येक दिवस टेबलावर उघडी पडून राहिली. पुढे मुलगी शिकायला परगावी गेली. बाईच्या मनगटाला माझे वजन झेपेना, मग प्लास्टिकची, वाफ सोडणारी एक हलकी इस्त्री आली आणि मी दाराशी आले.

मित्रांनो, माझा गंज पुसा, मला जपून ठेवा, अशी विनंती करायचे मी ठरवले होते. ती मी करत नाही. मी लोखंड आहे, दाराशी अजून कितीही दिवस पडून राहीन. तुमच्या घरातले म्हातारे माणूस मात्र तुमच्याकडे काही मागत असेल, तर त्याला 'परीक्षा होऊ दे, मग बघू' असे म्हणू नका. परीक्षा पुन्हा देता येते.