निळा ठिपका

बाबांच्या गॅरेजात एक रीत होती. ज्याने नट आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. बाबांचा लाल, दादाचा पिवळा, धाकटीचा निळा. पुढे काही बिघडलं तर कोणाचा हात होता हे शोधत बसायला नको. रीत चांगलीच होती. फक्त तिन्ही डबे एकाच फळीवर असत, आणि कोणीही कुठलाही डबा उघडू शकत होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची गाडी भर रस्त्यात बंद पडली. ओढून आणली, तर इंजिनातून वीज परत नेणारी अर्थिंगची पट्टी उघड्या लोखंडाऐवजी चक्क रंगावर आवळलेली, ज्यातून वीज जातच नाही, आणि नटावर निळा ठिपका. धाकटीने तो लावलाच नव्हता. तिने तोंड उघडायच्या आत बाबांनी तिच्या हातातला पाना काढून घेतला. दादा मान खाली घालून हात पुसत राहिला. आधीच स्वच्छ असलेले हात. त्यावरूनच तिला काय ते कळलं.

तिने पलीकडच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं, नावारूपाला आणलं. पण ते हात पुसणं तिच्या डोळ्यांसमोरून कधी हललं नाही.

म्हणून दादाचा फोन आला तेव्हा तिला आतून गुदगुल्या झाल्या. बाबांची जुनी गाडी चालू होत नव्हती. दादाने बॅटरी नवी टाकली, स्टार्टर नवा टाकला, तरी किल्ली फिरवली की नुसतं टक्. आणि बाबांनी गाडी चालवणं सोडायचं ठरवलेलं. आज आत्याकडे जाऊन यायचं, ही शेवटची फेरी. धाकटीला बोलव, असं तेच म्हणाले होते.

ती आली तेव्हा बॉनेट उघडंच होतं. गाडीचा निरोप म्हणून दादाने इंजिन चंदेरी रंगाने नुकतंच रंगवलं होतं. तिची नजर सरळ खाली गेली. पट्टी त्या चकचकीत रंगावर बसवलेली, वर पिवळा ठिपका. पुन्हा तेच. तिला हसू फुटणार होतं, ते तिने गिळलं. इतकी वर्षं थांबली होती, आता घाई कशाला?

दाराशी स्टुलावर बाबा बसले होते. दोन गिऱ्हाइकंही ताटकळत उभी होती. ती म्हणाली, बाबांच्या पद्धतीने करू. मी विचारीन, दादा करून सांगेल. दादाच्या कपाळाला आठी पडली, पण बाबांनी मान डोलावली होती.

तिने त्याला हेडलाइट लावून किल्ली फिरवायला सांगितलं. टक्.

"दिवे मंद झाले?"

"नाही."

"मग काय समजायचं?"

दादाने खांदे उडवले. तेव्हा तिने लहान मुलाला समजवावं तसं सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. दिवे मलूल झाले असते तर बॅटरी लेचीपेची, नाहीतर मोटर अडकलेली. दिवे लख्ख राहिले, म्हणजे बॅटरीत दम आहे, पण मोटरला हवी तेवढी वीज मिळत नाही. आणि विजेला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते.

"हे बॅटरी बदलायच्या आधी बघतात, दादा."

एका गिऱ्हाइकाला उगाच खोकला आला.

तिने एक जाड केबल बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला जोडली. किल्ली फिरली आणि गाडी पहिल्या झटक्यात गुरगुरली. बाबांचा चेहरा उजळला. ते काठी टेकून उठूही लागले. तिने इंजिन बंद करायला लावलं आणि केबल काढून आपल्या खांद्यावर टाकली.

"आता फिरव."

टक्.

"परतीची वाट बंद आहे. पट्टी कशावर बसवलीय ते बाबांना सांग."

"रंगावर," दादा पुटपुटला. "विसरलो खरवडायला."

"आणि त्या वेळी? तो निळा ठिपका कोणी लावला होता? रंग तू आता खरवडशीलच. पण हे बाबांसमोर सांगितल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

बाबा अर्धवट उठलेले तसेच थांबले. दादाने कपडा शोधला आणि हात पुसू लागला. ती त्या हातांकडे बघत राहिली, तो थांबेपर्यंत.

"मीच," तो म्हणाला. "तुला फार रागावणार नाहीत असं वाटलं होतं."

बाबा हळूहळू पुन्हा स्टुलावर बसले. म्हणाले, "परत ये इथे. तुझा डबा अजून फळीवर आहे."

हे शब्द ऐकायला तिने एके काळी काहीही दिलं असतं. आज तिला त्यांच्यावर दया आली नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

"दिवे मंद झाले का, एवढं तुम्ही प्रत्येक गाडीला विचारायचात बाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी मला काहीच विचारलं नाहीत."

तिने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून दादाच्या हातात ठेवला. लोखंड पांढरं दिसेपर्यंत घास, मग पट्टी आवळ, आणि ठिपका तुझ्याच रंगाचा लाव, असं बजावून ती निघाली.

आपल्या गॅरेजात ती एका गाडीवर वाकली होती तेव्हा समोरच्या रस्त्याने बाबांची गाडी गेली. दादा शेजारी बसला होता. बाबांनी तिच्यासाठी हॉर्न वाजवला. तिने मागे वळून पाहिलं नाही; हातातला नट आवळला आणि त्यावर निळा ठिपका लावला.