हार्टेनश्टाइनचा दुसरा मृत्यू

प्रताप केळकरांनी चष्मा कपाळावर सरकवला, काचेला नाक टेकेपर्यंत वाकले आणि फलकावरचं साल पुन्हा वाचलं. साल तेच राहिलं.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या नातीला, आर्याला, एकदा वाचून पुरलं होतं.

"आजोबा, तो तेव्हा मेलाच नाही. लिव्ड टिल सेव्हंटी-नाइन, लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

तो म्हणजे लुडविग हार्टेनश्टाइन, एकोणिसाव्या शतकातला जर्मन आर्किटेक्ट. २००६च्या त्या मे महिन्यात सिंगापूरच्या एका लायब्ररीत त्याच्या आराखड्यांचं प्रदर्शन लागलं होतं आणि मुलाकडे राहायला आलेले केळकर सकाळी सातलाच इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. सेरंगूनच्या घरून येताना एमआरटी मेट्रोत त्यांनी आर्याला त्याची गोष्ट सांगितली. स्वतः आखलेल्या नाट्यगृहाचा घुमट पुरा व्हायच्या तीन आठवडे आधी हार्टेनश्टाइन वारला. परांच्या उतरल्या त्या दिवशी कामगारांनी टोप्या काढल्या. पुण्याच्या कॉलेजात जर्मन शिकवताना केळकरांनी ही गोष्ट चौतीस बॅचेसना सांगितली होती. दर वर्षी कुणीतरी रडायचं.

फलकाप्रमाणे मात्र घुमट पुरा झाल्यावर हार्टेनश्टाइन एकतीस वर्षं जगला आणि त्यातली बरीच नगरपालिकेशी भांडण्यात घालवली. उद्घाटनाच्या जेवणाबद्दल तक्रार करणारं त्याचं पत्र खाली मांडलंच होतं.

केळकर बाकावर बसले. त्यांचा मुलगा सारंग, वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर, पाण्याची बाटली घेऊन आला. केळकरांनी त्याच्याकडे न बघता सांगून टाकलं. कॉलेजच्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. पहिल्याच बॅचने विचारलं, सर, पुढे काय झालं? 'माहीत नाही' असं वर्गात म्हणायची पुण्यात पद्धत नव्हती. म्हणून त्यांनी हार्टेनश्टाइनला मारून टाकलं.

"मला माहीत होतं," सारंग म्हणाला.

"कधीपासून?"

"इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून. सालं वाचायला जर्मन लागत नाही, बाबा."

"आणि बोलला नाहीस."

"तुमची गोष्ट जास्त बरी होती. ऑफिसात नवी पोरं आली की मी तीच सांगतो. आपण बघायला नसलो तरी उभं राहील असं गणित करा, म्हणतो. पोरं आकडे दोनदा तपासतात."

केळकरांनी पाण्याचा घोट घेतला. तो बराच वेळ चालला. बाटली खाली आली तेव्हा त्यांची मान निवृत्तीच्या सत्कारात होती तितकी ताठ झाली होती.

तेवढ्यात आर्याने, शुद्ध मराठीत, आजोबा खोटं बोलले का असं विचारलं.

"हो," केळकर म्हणाले. इतकं छोटं उत्तर त्यांनी वर्गात कधी दिलं नव्हतं.

मग त्यांनी तिच्याकडून वहीचं पान मागून घेतलं. 'प्रिय विद्यार्थ्यांनो', खाली 'दुरुस्ती', खाली फलकावरचं साल. साठेक जणांचे पत्ते घरी होते. उरलेल्यांना ते साठ जण कळवतील. सारंग म्हणाला, कशाला, आता कुणाच्या लक्षात असणार. जे रडले त्यांच्या, असं केळकर म्हणाले आणि लिहीत राहिले.

पानाच्या तळाशी आल्यावर ते थांबले.

"तुझ्या ऑफिसात किती जणांना सांगितलीस?"

"अकरा."

"नावं सांग. आडनावासकट."