पुंजारामचा अंगठा

"अगं, पाणी शोधायला आलीस ना? मग वततीस कशाला?"

चतुराबाई सरपंचांनी असं विचारताच ओढ्याकाठी जमलेलं गाव खो खो हसलं. वेदिका जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांभोवती मिठाचं पाणी ओतत होती. "वरची माती कोरडी असली की वीज आत जात नाही, काकू," ती म्हणाली. नाशिकच्या कॉलेजात ती भूजलशास्त्र शिकत होती. पण तिथे परीक्षा घेणारे निदान ऐकून तरी घेत.

खुंट्यांना जोडलेल्या मशीनचे आकडे पाहून तिने बाभळीखाली चुन्याची फुली मारली. गाव मात्र तिच्या वडिलांकडे, आबांकडे बघत होतं. पुंजाराम पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून शिवारात फिरायचे आणि नारळ उभा राहील तिथे गाव विहीर खणायचं.

"एकच बोअर मंजूर हाय," चतुराबाई म्हणाल्या. "पोरगी हुशार हाय, पन पुंजारामभाऊंचा नारळ म्हनंल तिथंच."

वेदिकाने आपल्या फुलीकडे पाहिलं. सकाळीच आबा म्हणाले होते, पाणी देवळामागं हाय. तिथे अखंड कातळ आहे, असं ती म्हणाली, तर ते भाकरी खात राहिले.

पुंजाराम निघाले. देवळामागे थोडे रेंगाळले, पण नारळ आडवाच. मग फिरत फिरत बाभळीखाली आले आणि फुलीवर नारळ ताडकन उभा राहिला. लोकांनी हात जोडले.

वेदिका तो हात लहानपणापासून पाहत आली होती. नारळ उठताना आबांची बोटं सैल असायची. आज अंगठा नारळाच्या बुडाशी घट्ट रोवलेला होता.

दुपारी बोअरच्या गाडीने आधी धुरळा उडवला, मग चिखल, मग पाणी. लोकांनी पुंजारामना हार घातला. वेदिकाला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

"आबा, नसतं लागलं तर?" तिने हळूच विचारलं.

"तर नारळ चुकला असता. नारळाला मानसं माफ करत्यात. तुला नसतं केलं."

तेवढ्यात गावातला एक शेतकरी, सहादू, पुढे आला. "भाऊ, आमच्या मळ्यात कधी येता?"

पुंजारामनी नारळ दगडावर फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा लेकीच्या हातात दिला. "तिला इचार. तिची परीक्षा कधी हाय, ते बघून सांगंल ती."

मग ते खाली बसले, आणि चिखलाने माखलेली एकेक खुंटी उपरण्याने पुसून तिच्या पिशवीत ठेवू लागले.