फळ्यावरचं शेवटचं नाव

रोलंड स्टुल्ट्झने बाहेरचा पुठ्ठ्याचा खोका फाडला, त्याचे तुकडे केले आणि मागच्या दाराशी असलेल्या कचऱ्यात खोलवर दडपले. आतली निळी पेटी मात्र काउंटरवर अशी मांडली, जणू नेहमीच्या मालातूनच आली होती. वय वर्षं एकाहत्तर, आणि पोरासारखी लपवाछपवी करायची वेळ आली होती.

अल्टूना हे अमेरिकेतलं रेल्वेचं गाव. खेळातल्या आगगाड्या विकणारं हे एकच दुकान तिथे उरलं होतं. गाड्या बनवणारी कंपनी वर्षभर आधी नवं इंजिन जाहीर करायची. रोलंड गिऱ्हाइकांची नावं फळ्यावर लिहायचा आणि तेवढीच इंजिनं मागवायचा. पूर्वी फळा पुरत नसे. मग कंपनी स्वतःच घरपोच विकू लागली, आणि यंदा फळ्यावर एकटा युजीन पालुंबो राहिला. रेल्वेत जे इंजिन त्याने उभी हयात चालवलं, त्याचीच ही छोटी प्रतिकृती होती.

दुकानांचा माल सहा आठवडे लांबला. कंपनीच्या वेबसाइटवर मात्र तेच इंजिन चार दिवसांत मिळत होतं. हेही नाव पुसलं गेलं तर सकाळी दुकान उघडायचं कुणासाठी, या विचाराने रोलंडची झोप उडाली. शेवटी त्याने साधं गिऱ्हाईक होऊन ते स्वतःच मागवलं.

दार ढकलून युजीन आत आला.

"आलं?"

"आलं की."

"वेळेवर? सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!"

रोलंडने इंजिन चाचणीच्या रुळांवर ठेवलं. भोंगा वाजला तशी युजीनने टोपी काढून हातात घेतली. तीन फेऱ्या होईपर्यंत तो रुळांवर वाकून राहिला. मग डोळे पुसून त्याने पेटी जवळ ओढली, आणि आतल्या स्पंजखालून एक रंगीत चिठ्ठी खाली पडली.

चष्मा लावून युजीनने ती मोठ्याने वाचली.

"'प्रिय रोलंड, थेट आमच्याकडून खरेदी केल्याबद्दल आभार.' लेका, तूसुद्धा?"

रोलंड फडक्याने काउंटर पुसू लागला.

"तुला ताटकळत ठेवायचं जिवावर आलं. एवढ्यापुरतंच घेतलं रे."

युजीन स्टुलावर बसून पोट धरून हसला.

"आणि मी दोन वर्षं मन मारतोय! आगगाड्यांच्या क्लबातले सगळे तिथूनच घेतात, मला येड्यात काढतात. म्हटलं, नको, रोलंडला काय वाटेल! आता तूच घेतोस म्हटल्यावर कसली भीड?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच रोलंडला जास्त लागलं. तोही हसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"याला जोडायचे डबे निघालेत ना, तेही मागव तिथूनच," युजीन म्हणाला. "मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही."

रोलंडने कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला आणि एका बोटाने युजीनचं नाव भरलं. पत्त्याच्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"दुकानाचा घालू?"

"छे रे, घरचाच घाल," युजीन इंजिन पेटीत ठेवत म्हणाला. "एवढ्यासाठी इथवर हेलपाटा कशाला?"

रोलंडला तो पत्ता पाठ होता.