माझ्या फळीवरची खोटी तारीख

मी एक दरवाजा बोलतोय. नेरूळजवळच्या खाडीकाठच्या गावात जाईबाईच्या घराला मी होतो. जे सांगणार आहे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण आत ठेवून कुजण्यापेक्षा बोललेलं बरं.

सिताराम सुताराने मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. "पन्नास वर्षं बघायला नको," असं तो जाईबाईच्या नवऱ्याला म्हणाला होता. नवरा पाच वर्षांतच गेला. जाईबाईने मिठागरावर राबून सरस्वतीला, एकुलत्या लेकीला, वाढवलं. दिवसभर मी सताड उघडा असायचो. शेजारची पुतळा विस्तव मागायला यायची आणि तासभर गप्पा मारत बसायची. लग्नाला सात वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. शहात्तर साली ती पहिल्यांदा गरोदर राहिली, तेव्हा जाईबाईने सगळ्या आळीत साखर वाटली.

त्याच सुमारास गावाभोवती नव्या शहराचं काम चालू झालं होतं. भरावासाठी शेतांतली माती उपसली, खड्डे पडले, खड्ड्यांत पाणी साचलं आणि पाण्यात डास झाले. घरोघर थंडीताप. मलेरियाचे निरीक्षक दिनानाथसाहेब सायकलवरून यायचे. साताऱ्याकडचे, बोलायला मऊ. खड्ड्यात लांब दांड्याचा डाव बुडवून ते डासांच्या अळ्या मोजत, पाण्यावर तेल टाकत, घराघरांत डीडीटी मारून घेत. औषध मारून झालं की फवारणीवाला दारावर गेरूने तारीख लिहायचा.

गणपतीच्या आधी भगवान फवारणीवाला आमच्या उंबऱ्यात उभा राहिला. घराला नुकताच चुना काढला होता. गौरीच्या जेवणाला सरस्वतीला बघायला माणसं येणार होती.

"माज्या घरात नको मारू रं," जाईबाई म्हणाली. "भिंतींवर डाग पडतील. त्या वासात पावनं जेवतील का?"

"सायेब बघतील ना काकी."

"सायेब दारावरचा वाचतान. तू लिव नि जा."

भगवानने माझ्यावर लिहिलं: २१ ऑगस्ट. गेरू ओला होता, गार लागला. घरादाराची राखण करायची म्हणून मला तिथे उभं केलेलं, आणि मी ते खोटं कपाळावर मिरवलं.

दोन दिवसांनी साहेब आले. माझ्यावरची तारीख वाचून त्यांनी वहीत टिपली. "मावशी, सगळ्या खोल्यांत मारलं ना?"

"मारला, सायेब."

साहेबांना अजून साठ घरं बघायची होती. ते पुढे गेले.

पाहुणे आले, पोरगी पसंत पडली, मार्गशीर्षातलं लग्न ठरलं. आणि पंधरा दिवसांनी सरस्वती हुडहुडू लागली. अंगावर तीन गोधड्या, तरी दात वाजत होते. पुतळा मागच्या दाराने येऊन तिला पेज भरवायची, पाय दाबायची.

एका दुपारी साहेब घरोघर विचारत आले, कुणाला ताप आहे का. बोटातून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचे आणि गोळ्या द्यायचे. त्यांची सायकल आळीत वळताच जाईबाईने मला लावून घेतलं, कडी घातली. भर दुपारी मी बंद. हे कधी झालं नव्हतं.

"मावशी, तापाचं कुणी?"

"कोनी नाय, सायेब!" ती आतूनच ओरडली. तिचे दोन्ही तळवे माझ्यावर दाबलेले होते. "लगीन मोडंल," ती पुटपुटली. मी हललोसुद्धा नाही.

आठवड्याने पुतळाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तिचं मूल पोटातच गेलं. तिचा आक्रोश भिंतीतून आमच्या घरात आला.

जाईबाई अनवाणी धावत गेली आणि खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या साहेबांना घेऊन आली.

"दारावर लिवलेला खोटा हाय, सायेब. माज्या घरात औषध मारलाच नाय. पोरीचा ताप मीच लपवला. पुतळाचा पोर मी मारला."

साहेब आत गेले, भिंतीवरून हात फिरवला. हाताला नुसता चुना लागला, औषधाची भुकटी नाही. बाहेर आले तेव्हा त्यांना मान वर करवेना.

"हा हात मी त्या दिवशी फिरवायला हवा होता, मावशी. मी सायकलवरून उतरलोसुद्धा नाही."

त्यांनी सरस्वतीचं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. पाठीवर पंप घेऊन स्वतः घर फवारलं. मग दोघं पुतळाकडे गेले. साहेबांनी आधी स्वतःची चूक सांगितली, नंतर जाईबाईने आपली.

"काकी, मी रोज तुज्या घरात येऊन बसायची," पुतळा म्हणाली. "मला तरी सांगायचास, औषध मारला नाय म्हनून."

त्यानंतर ती आमच्या उंबऱ्यात आली नाही.

सरस्वती बरी झाली. जाईबाईने व्याह्यांना स्वतः जाऊन सगळं सांगितलं, तर ते हसले. "तापापायी कोन लगीन मोडतं का?" जे लग्न मोडणारच नव्हतं, ते वाचवायला जाईबाईने एवढं केलं होतं.

दिनानाथसाहेब पुढे आठ वर्षं आमच्याकडे होते. दारावरची तारीख त्यांनी पुन्हा कधी वाचली नाही. प्रत्येक घरात शिरायचे, भिंत चाचपायचे. परतताना दोन्ही तळवे औषधाच्या भुकटीने पांढरे असायचे. आमच्या आळीतला ताप हळूहळू ओसरला.

शहाऐंशी साली स्लॅबचं घर झालं आणि मला काढलं. आता मी बकऱ्यांच्या गोठ्याला आडवा लावलेला आहे. गेरू केव्हाच धुऊन गेला. तुमच्या दारात आरोग्याचा माणूस आला, तर त्याला आत घ्या, भिंती दाखवा, आजारी माणूस दाखवा. बाहेरून परतवू नका.

पुतळा रोज सकाळी हंडा घेऊन इथून जाते. कधी बकरीच्या पाठीवर हात ठेवते, कधी दमून मला टेकते. ती टेकते तेव्हा मला वाटतं, तिला कळू नये मी कोण आहे.